दोष चाकाचा होता

माझे अब्बा आग्रा रोडवरच्या एका गॅरेजमध्ये फिटर होते. मालेगावातल्या आमच्या मोहल्ल्यात घराघरांत लूम, त्यामुळे बाकीच्या पोरांच्या हाती आधी बॉबिन आली. माझ्या हाती बेअरिंग आलं. घरघर वाजायला लागलेलं, ग्राहकाच्या उपयोगाचं न राहिलेलं बेअरिंग अब्बा कधीतरी रॉकेलमध्ये धुऊन खिशातून घरी आणत. तीन बेअरिंगं जमली की गाडी तयार. एक फळी, मागे आडवं लाकूड, त्याच्या दोन टोकांना ठोकून बसवलेली दोन बेअरिंगं आणि पुढे सुतळीने वळणारं एक. उताराला बसलं की दातावर दात आपटत खाली. आवाज एवढा की दुपारी झोपलेली सगळी गल्ली शिव्या द्यायची. माझ्या वयाच्या बहुतेक वाचकांनी ही बेअरिंगची गाडी चालवली असेल, निदान मागून ढकलली तरी असेल.

तिची आठवण येण्याचं कारण माझी धाकटी लेक. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो, ती सातवीत आहे. टोकियो ऑलिम्पिकचा जुना व्हिडिओ तिने मोबाइलवर पाहिला. २०२१च्या त्या स्पर्धेत स्केटबोर्डिंग पहिल्यांदा आलं आणि मुलींच्या स्ट्रीट प्रकारात सुवर्ण जिंकणारी जपानची मोमिजी निशिया तेरा वर्षांची होती. रौप्य जिंकणारी ब्राझीलची रायसा लियालही तेराचीच. "अब्बू, माझ्याएवढ्या आहेत त्या," एवढंच ती म्हणाली. मी खेळण्यांच्या एका दुकानातून रंगीत चित्राचा एक स्केटबोर्ड आणून दिला. चौथ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी तो जागच्या जागी थांबला आणि लेक पुढे गेली. मनगटाचं हाड तडकलं. पाच आठवडे प्लॅस्टर.

घरात जे बोललं गेलं ते प्रत्येक घरात बोललं जातं. माझी फुफी म्हणाली, मुलीच्या जातीला कशाला हे. शेजारचे म्हणाले, मास्तरांनी लाड केले. मीही मनात म्हणालो, चूक झाली. अब्बांनी मात्र कुणाला काही न विचारता तो बोर्ड उचलला, उलटा केला आणि एक चाक हाताने फिरवलं. चाक अर्धा फेरा फिरून थांबलं. मग ते जागेवर गेले, रस्त्यावर जिथे ती पडली होती तिथून हरभऱ्याएवढा खडा उचलून आणला आणि माझ्या हातावर ठेवला. "हे बघ, कशाने पडली."

तो खडा हातात घेऊन मी या वस्तूचा इतिहास वाचायला लागलो. वाचत गेलो तसं लक्षात आलं की स्केटबोर्डचा बराचसा इतिहास या खड्याचाच आहे.

सुरुवात आमच्यासारखीच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकेतली पोरं रोलर स्केटचे लोखंडी सांगाडे सुटे करून फळीखाली ठोकायची. कॅलिफोर्नियात समुद्राच्या लाटांवर सर्फिंग करणाऱ्या मुलांना लाटा नसलेल्या दिवशी रस्त्यावर तीच मजा हवी होती, त्यांनी ही फळी उचलून धरली. चाकं पोलादी. म्हणजे आपली बेअरिंगची गाडीच, फक्त आपण बसायचो आणि ते उभे राहायचे. १९५९च्या सुमारास रोलर डर्बी कंपनीने तयार बोर्ड बाजारात आणले, तेही पोलादी चाकांचे. १९६३मध्ये लॅरी स्टीव्हनसन यांनी मकाहा नावाने चांगल्या घडणीचे बोर्ड काढले. एव्हाना रोलर स्केटच्या रिंगणात वापरायची 'क्ले' चाकं आली होती. नाव मातीचं असलं तरी ते एक दाबून घट्ट केलेलं मिश्रण होतं. ती चाकं पोलादापेक्षा कमी वाजायची आणि थोडी पकडही धरायची. मात्र ती रिंगणाच्या गुळगुळीत लाकडी फरशीसाठी घडवलेली होती. रस्त्यावर ती झिजायची, तुटायची आणि खडा आला की थांबायची.

१४ मे १९६५च्या 'लाइफ' मासिकाच्या मुखपृष्ठावर पॅटी मॅगी नावाची मुलगी आहे. चालत्या बोर्डवर, हातांवर उलटी उभी. स्केटबोर्डचं जगभर गाजलेलं पहिलं चित्र एका मुलीचं आहे, हे मी फुफीला दाखवलं. तिने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "हिला पडायची भीती नाही का?" प्रश्न बरोबर होता, कारण मासिकाने मुखपृष्ठावर खेळाच्या वेडाबरोबर त्याच्या धोक्याचाही उल्लेख केलेला आहे. मुलं पडत होती, हाडं मोडत होती. गावोगावच्या पालिकांनी बंदी घातली, दुकानांनी माल परत केला आणि वर्षभरात धंदा कोसळला. दोष मुलांच्या उनाडपणावर गेला. चाक बदलून पाहावं असं त्या वेळी फारसं कुणाला सुचलं नाही. पुढची सात-आठ वर्षं हा खेळ जवळजवळ मेल्यासारखा होता.

चाक बदललं ते एका भलत्याच ठिकाणी. पॉलियुरेथेन हे रसायन जर्मनीत ओटो बायर यांनी १९३७मध्ये तयार केलं होतं. त्यातूनच पुढे फोमच्या गाद्या, बुटांचे तळवे, मशिनीचे रोलर असं सगळं निघालं. १९७०मध्ये फ्रँक नॅसवर्दी हा तरुण व्हर्जिनियातल्या पर्सेलव्हिल गावी मित्राबरोबर प्लास्टिकच्या एका कारखान्यात गेला. तिथे युरेथेनची मऊ चाकं पडलेली होती. ती रोलर स्केट शिकणाऱ्या नवख्यांसाठी बनवलेली होती. पकड जास्त आणि वेग कमी, म्हणून सराईत लोक त्यांना नाक मुरडत. नॅसवर्दीने ती आपल्या जुन्या बोर्डाला लावली. रस्ता एकदम शांत झाला. थोड्या वर्षांत त्याने कॅलिफोर्नियात कॅडिलॅक नावाने ही चाकं विकायला सुरुवात केली आणि मेलेला खेळ उठून बसला.

हे असं का होतं ते वर्गात सांगावं तसं सांगतो. कडक चाकाला खडा लागला की दोनच वाटा असतात. एक तर माणसासकट सगळा बोर्ड खड्यावर चढला पाहिजे, नाहीतर जागेवर थांबला पाहिजे. चाक लहान असेल तर चढायला वाट खूपच उभी, म्हणून ते थांबतं. मऊ चाक खड्याभोवती दबतं, त्याला पोटात घेतं आणि मागे सोडून पुन्हा गोल होतं. मोटारीच्या टायरमधली हवा हेच काम करते. आमच्या घरातला तो रंगीत बोर्ड पुन्हा पाहिला तेव्हा कळलं की त्याची चाकं कडक प्लास्टिकची होती. नखाने दाबून पाहा, खूण उठत नाही. म्हणजे २०२०च्या दशकात माझ्या लेकीला कुणीतरी १९६५ सालचं चाक विकलं होतं.

प्लॅस्टर निघालं त्याच संध्याकाळी लेकीने विचारलं, "आता?" मी उत्तर द्यायच्या आत अब्बा म्हणाले, "आता सुटा आणू. एकेक भाग बघून."

चाकापासूनच सुरुवात केली. चाकाचा कडकपणा मोजायला शोअर नावाची मोजपट्टी आहे. स्केटबोर्डच्या चाकावर ७८ए, ९९ए असे आकडे असतात ते त्यातलेच. आकडा लहान तितकं चाक मऊ. ९९ए, ५२ मिलिमीटर व्यासाचं चाक काँक्रीटच्या घोटीव पार्कसाठी, उड्या-कसरतींसाठी. परदेशी व्हिडिओत तेच दिसतं आणि लेकीला तेच हवं होतं. आमच्या रस्त्याचा विचार करून मी ७८ए, ५८ मिलिमीटर घ्यायला लावलं. त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता. त्यावर कसरती नीट होणार नाहीत, हे तिचं म्हणणं खरं होतं. आधी चालव, मग उड्या मार, हे माझं.

बेअरिंग हा अब्बांचा प्रांत. चाकागणिक दोन, म्हणजे आठ. सत्तरच्या दशकापर्यंत चाकात सुट्या गोळ्या असत. नट जरा सैल झाला की गोळ्या रस्त्यावर विखुरत. १९७५च्या आसपास रोड रायडर चाकांबरोबर बंद, तयार बेअरिंगं आली आणि ही कटकट संपली. तेव्हापासून स्केटबोर्डचं बेअरिंग म्हणजे ६०८. आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. हा आकडा ऐकून अब्बा हसले. हँड ग्राइंडरमध्ये, लहान मोटरीत हेच असतं. जन्मभर त्यांनी ६२०३ आणि ६२०४ हाताळले, त्यांच्या दृष्टीने ६०८ म्हणजे दाणा. ऑनलाइन मात्र याच दाण्याची 'एबेक ७', 'एबेक ९' म्हणून भारी किंमत लावतात. एबेक हे अमेरिकेतल्या बेअरिंग इंजिनिअरांच्या समितीचं मापन आहे. १, ३, ५, ७, ९ अशा पायऱ्या, आणि त्या फक्त माप किती काटेकोर आहे ते सांगतात. पोलाद कसं आहे, ग्रीस कोणतं, बाजूने बसणारा दणका किती सोसेल, यातलं काही सांगत नाहीत. स्केटबोर्डला तर बाजूचेच दणके जास्त. अब्बांच्या भाषेत, "नंबर मापाचा आहे, जानचा नाही." आग्रा रोडवरच्या बेअरिंगच्या दुकानातून त्यांनी चांगल्या कंपनीची आठ ६०८ आणली, दोन्ही बाजूंना रबरी सील असलेली. आमच्याकडे धूळ आहे आणि लूमची रुई हवेत उडते. पत्र्याच्या झाकणापेक्षा रबर बरं.

ट्रकबद्दल सांगायचं तर आधी नावाचा घोळ. बोर्डाखाली जो धातूचा भाग चाकांचा आस धरतो आणि वळतो, त्याला ट्रक म्हणतात. दादाअब्बा जन्मभर ट्रक दुरुस्त करत आले म्हणून लेकीला याची फार गंमत वाटली. खरी गंमत पुढे आहे. या ट्रकचं मूळ १८६३चं आहे. न्यू यॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टन यांनी रोलर स्केटला रबराच्या गादीवर टेकलेला आस दिला. माणूस एका बाजूला झुकला की रबर दबतं, आस तिरका होतो आणि स्केट आपोआप वळतं. त्याआधीची स्केटं सरळच जायची. साधारण १७६०मध्ये लंडनच्या एका मेजवानीत जोसेफ मर्लिन चाकांचे बूट घालून व्हायोलिन वाजवत आले आणि वळता न आल्याने मोठ्या आरशावर आदळले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. आजच्या स्केटबोर्डचा ट्रक तत्त्वाने प्लिम्प्टनचाच. फक्त शंभर वर्षं लोकांनी स्केटचे अरुंद ट्रक फळीला लावून काम भागवलं. फळीसाठी म्हणून रुंद, मजबूत ट्रक बेनेट आणि ट्रॅकर यांनी १९७५च्या सुमारास आणले, १९७८मध्ये इंडिपेंडंट आले.

अब्बांनी ट्रक खोलून वर्तमानपत्रावर मांडला. मधला जाड बोल्ट म्हणजे किंगपिन, लॉरीच्या पुढच्या आसात असते तीच संज्ञा. त्यावर खाली-वर दोन बुश, आसाचं टोक टेकायला प्लास्टिकची वाटी. "हे मला येतं," म्हणाले. किंगपिनचा नट किती आवळायचा ते चालवणाऱ्याच्या वजनावर. बारीक पोरीला तो सैल हवा, नाहीतर बोर्ड वळतच नाही आणि ती झुकून पडते. आसाची लांबी फळीच्या रुंदीएवढी, पाव इंच इकडेतिकडे चालतं. एक सांगून ठेवतो. बऱ्याच ट्रकच्या आसावरचे आटे इंचाच्या हिशेबाचे असतात, आपल्याकडचा ८ एमएमचा नट त्यावर जबरदस्तीने चढवलात तर आटे जातील. सोबत येणारे नट जपून ठेवा. १३ नंबरचा पाना मात्र चालतो.

फळी आधी गल्लीतल्या सुताराकडूनच करून घ्यायचं मी ठरवलं होतं. पैसे वाचले असते. त्याने प्लायवूडची सुंदर फळी कापून दिली, टोकं घासून गोल केली. अब्बांनी ती दोन विटांवर ठेवली आणि मला वर उभं राहायला सांगितलं. मी वजनदार मास्तर आहे हे मान्य, पण तडकल्याचा आवाज साऱ्या घराने ऐकला. स्केटबोर्डच्या फळीला मेपलचे सात थर असतात. अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरच्या मोठ्या सरोवरांच्या थंड प्रदेशात हे झाड सावकाश वाढतं, म्हणून लाकूड घट्ट. बहुतेक थरांचे धागे लांबीच्या दिशेने आणि एखाद-दोन आडवे, म्हणजे फळी लवते पण उभी चिरत नाही. साच्यात दाबून तिला थोडा खोलगटपणा आणि दोन्ही टोकांना वळण दिलेलं असतं. मागचं टोक वर उचलायची कल्पना मकाहावाल्या स्टीव्हनसन यांची, तिचं पेटंट त्यांना १९७१मध्ये मिळालं. दोन्ही टोकं उचललेली आजची फळी १९९०च्या आसपास रूढ झाली. हा भाग आम्ही विकत घेतला, पावणेआठ इंच रुंद. वरचा सँडपेपरसारखा ग्रिप टेप लेकीने स्वतः चिकटवला आणि कडेने कानस फिरवून कापला.

सगळं जुळलं आणि पहिल्याच वळणाला बोर्ड खच्चकन अडकला. या वेळी लेक सावध होती, उडी मारून उतरली. उलटा करून पाहिलं तर फळीच्या पोटावर चाकाच्या घर्षणाचे काळे चट्टे. मोठं चाक आग्रहाने मी घ्यायला लावलं होतं, वळताना ते फळीला लागत होतं. पुस्तकी हिशेबात माझ्याकडून हे सुटलं. ट्रक आणि फळीच्या मधे तीन मिलिमीटरची रबरी पट्टी लागते. अब्बांनी लॉरीच्या जुन्या मडफ्लॅपमधून ती कापली. मग बोल्ट आखूड पडले, म्हणून लांब ५ एमएमचे बोल्ट आणि नायलॉक नट आणले. लेक दोन दिवस मला "मास्तर, चाक मऊ हवं ना?" असं चिडवत होती.

या सगळ्या दिवसांत फुफी रोज येत होती. तिला मी काबूलचं सांगितलं. ऑस्ट्रेलियाचा ऑलिव्हर पर्कोविच २००७मध्ये काही बोर्ड घेऊन तिथे गेला. रस्त्यातल्या मुलांबरोबर मुलीही मागे लागल्या. मुलीने सायकल चालवणं तिथे लोकांना खपत नव्हतं, पण स्केटबोर्ड कुणी पाहिलाच नव्हता, त्यामुळे त्याला मनाई करायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्यातून 'स्केटिस्तान' उभं राहिलं, २००९मध्ये बंदिस्त जागा झाली, मुलींसाठी वेगळे दिवस, शिकवायला बायका आणि सोबत लिहिण्या-वाचण्याचे वर्ग. त्या मुलींवरच्या माहितीपटाला २०२०मध्ये ऑस्कर मिळाला. ऑगस्ट २०२१मध्ये तालिबान परतले आणि मुलींचं ते स्केटिंग थांबलं. फुफी ऐकत होती. मी पुढे हेही सांगितलं की नॉर्वेसारख्या देशाने १९७८पासून १९८९पर्यंत स्केटबोर्डवर, मुलगा असो की मुलगी, सरसकट कायद्याने बंदी घातली होती, कारण तेच, अपघात. आणि मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार या खेड्यात २०१५पासून स्केटपार्क आहे, तिथला नियम, शाळा नाही तर स्केटिंग नाही, आणि मुलींचा नंबर आधी. शिक्षक म्हणून पहिला नियम मला आवडला. फुफीने दुसऱ्याबद्दल विचारलं, "आदिवासी मुली पण चालवतात?" चालवतात, म्हणालो. ती गप्प बसली, पण प्लॅस्टरचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

रविवारी शाळेच्या सिमेंटच्या पटांगणात बोर्ड नेला. हेल्मेट, कोपरांना आणि गुडघ्यांना पट्टे, मनगटाला कडक पट्टीचं रक्षक. हे शेवटचं अब्बांच्या हट्टाने, सगळ्या भागांत आधी तेच घ्या असं मीही सांगेन. लेकीने ढकललं आणि मी आवाजाची वाट पाहत राहिलो. लहानपणापासून चाकाच्या फळीचा माझ्या कानातला आवाज म्हणजे ती खडखड. इथे नुसती हलकी सरसर होती. पटांगणाच्या फटीवर बोर्ड जरासा उचकला आणि पुढे गेला.

जुन्या रंगीत बोर्डाचं एक चाक अब्बांनी हॅकसॉने मधोमध कापून ठेवलं आहे. आतून पोकळ निघालं. येईल त्याला ते दाखवतात, मोहल्ल्यातल्या चार-पाच घरांतून तसेच बोर्ड तपासायलाही आले. परवा दोन मुली दारात उभ्या होत्या, एकीच्या हातात नुसती फळी.

"दादाअब्बा," आमची लेक आतून ओरडली, "अजून आठ सहाशेआठ मिळतील का?"